मौनीबुवा मोठ्याने विचार करतात

पहिली मुलाखत मौनीबुवांनी संपूर्ण शांततेत दिली. समोर लॅपटॉप, लॅपटॉपवर एक तरुण, त्या तरुणाने घातलेला एक प्रश्न आणि तो सोडवायला तासभर वेळ, असा एकूण मामला होता. बुवांनी प्रश्न वाचला, मान डोलावली, बराच वेळ छताकडे बघितलं, टेबलावर बोटं वाजवली आणि मग एका दमात असा प्रोग्राम लिहून काढला की त्यातलं अक्षर इकडचं तिकडे करायला जागा नव्हती. समाधानाने मान वर करून बघतात तर पडद्यावर कोणीच नाही. तरुणाने मध्यंतरी बऱ्याचदा "सर, ऐकू येतंय ना?" असं विचारलं होतं आणि बुवांनी प्रत्येक वेळी मान डोलावली होती. पण लॅपटॉपचा पडदा जरा जास्तच मागे कलला होता, त्यामुळे कॅमेऱ्यात त्यांच्या कपाळाचा वरचा भाग आणि छताचा पंखा एवढंच दिसत होतं. लाईन गेली असं समजून तरुण निघून गेला. मग कंपनीने कळवलं की उमेदवाराशी संवाद होऊ शकला नाही.

"कपाळाशी कोण संवाद करणार, बाबा?" मुलगी म्हणाली.

मौनीबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं आणि घरच्यांनी उचललं. बुवा सॉफ्टवेअर इंजिनियर. कॉलेजातून निघाले ते थेट एका कंपनीत शिरले आणि वीसेक वर्षं तिथेच राहिले. गोदामातला कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा हे ठरवणारा एक प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिला होता आणि एकट्यानेच सांभाळला होता. तो कधी बिघडत नसे, त्यामुळे बुवांशी बोलायची कोणाला गरज पडत नसे, आणि बुवांना तर ती कधीच पडली नव्हती. मग कंपनीने गोदामंच विकली. गोदामांबरोबर प्रोग्राम गेला आणि प्रोग्रामबरोबर बुवा घरी आले.

घरी आलेला कर्ता पुरुष दिवसभर ठेवायचा कुठे, हे त्या घरालाही उमगत नव्हतं. बुवा खिडकीशी बसत, मग बैठकीत बसत, मग स्वयंपाकघरात येऊन उभे राहत आणि बायकोने "काय हवंय?" असं विचारलं की परत खिडकीशी जाऊन बसत. अर्ज बरेच केले, पण चाळिशी उलटलेल्या माणसाला कोणी बोलावत नव्हतं. त्यात एकाने बोलावलं, तर तिथे हे कपाळ. बुवा वरून शांत होते, पण आतून चांगलेच हादरले होते. आपल्याला जे येतं ते आता कोणाला नकोच आहे की काय, ही शंका त्यांना सकाळी दाढी करताना हमखास गाठायची.

मुलगी कॉलेजात हेच शिकत होती, तेव्हा शिकवणीचं काम तिने आपल्याकडे घेतलं. मुलाखतीच्या फेऱ्या किती, कुठल्या फेरीत काय विचारतात, हे सगळं तिने बापाला समजावलं आणि शेवटी म्हणाली, "आणि एक लक्षात ठेव. उत्तर बरोबर आलं म्हणजे झालं, असं नसतं. तू विचार कसा करतोस ते त्यांना ऐकायचं असतं. डोक्यात जे चाललंय ते तोंडाने बोलत राहायचं."

"सगळं?" बुवांनी विचारलं. गेल्या कित्येक दिवसांतला त्यांचा हा सर्वांत लांब प्रश्न होता.

"सगळं. अडलास तर अडलो म्हण. चुकलास तर चुकलो म्हण. गप्प मात्र बसायचं नाही."

ज्या माणसाने आयुष्यभर तोंडाला कुलूप घातलं, त्याला एकदम किल्ली सापडणार कशी? म्हणून मुलीने सरावाला बटाटे दिले. बटाटे सोलायचे आणि सोलताना मनात येईल ते बोलायचं. बुवा खुर्चीत ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा बटाटा आहे." मग बराच वेळ काहीच नाही. मुलीने मान हलवून खूण केली. "बटाटा सोलायचा आहे. डोळ्याच्या बाजूने सुरुवात करावी का? नको, तिथे सुरी अडकते. मागच्या बाजूने करू." असं करत करत तिसऱ्या-चौथ्या बटाट्याला बुवांची गाडी रुळावर आली. "ही सालं जाड काढते. पण तिच्या हातचं मीठ कसं नेमकं पडतं, कळत नाही. मोजून घालत नाही, चाखूनही बघत नाही. लग्न झाल्यापासून बघतोय. सांगायला पाहिजे होतं कधीतरी. राहून गेलं."

बायको दारातच उभी होती. ती आत गेली, आणि त्या दिवशी बुवांना न मागता दुसरा चहा मिळाला.

इथवर सगळं गोड होतं. पण सवयीचं एक असतं, ती लागेपर्यंत लागत नाही आणि लागली की वेळकाळ बघत नाही. वीस वर्षांचा तुंबलेला विचार, त्याला आता तोंड फुटलं होतं. मेहुणी भेटायला आली आणि निघताना लाडात म्हणाली, "राहू का आज?" बुवा छताकडे बघत म्हणाले, "राहिल्या तर माझी दुपारची झोप गेली. नाही म्हणावं तर ही दोन दिवस बोलणार नाही. दोन दिवस परवडतील." मेहुणी राहिली नाही. बायको दोन दिवस बोलली नाही, म्हणजे अंदाज अचूक होता, पण त्याचं कौतुक करायला घरात कोणी तयार नव्हतं. लिफ्टमध्ये इमारतीच्या उजव्या बाजूला राहणाऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी नवीन केशरचनेबद्दल विचारलं नव्हतं, तरी बुवांनी विचार केला. तोही मोठ्याने.

बुवा मुलाखतीची तयारी करतायत ही बातमी शेजाऱ्यांना कळली आणि सल्ले सुरू झाले. डॉक्टरीणबाई मोठ्या मनाच्या. केशरचना विसरून त्यांनी सांगितलं की हसा, पण खालचे दात दाखवू नका. सर्वांत मोठा सल्ला मात्र वरच्या मजल्यावरून आला. बुवांच्या बरोबर डोक्यावर इमारत-समितीचे अध्यक्ष राहत. हयातभर एका कारखान्यात माणसं नेमण्याचं काम करून ते निवृत्त झाले होते आणि आता नेमायला माणसं नसल्यामुळे इमारत चालवत होते. "हात घट्ट धरायचा," त्यांनी बुवांना बजावलं. मुलाखत लॅपटॉपवर आहे असं कळल्यावर क्षणभर थांबून म्हणाले, "मग नजर घट्ट धरायची. आणि ते बोलत बोलत विचार करणं वगैरे, त्याचा सराव माझ्यासमोर करा. मी तुमची खरीखुरी मुलाखत घेतो. खाली सभागृहात."

सभागृह अध्यक्षांच्याच ताब्यात होतं, पण म्हणून ते सहज मिळेल असं नव्हे. त्यासाठी अर्ज लागे. बुवांनी अर्ज अध्यक्षांना दिला आणि अध्यक्षांनी तो चष्मा लावून परक्यासारखा वाचला. सभागृह तीनच कारणांसाठी देता येत होतं: सभा, समारंभ किंवा शोक. मुलाखत यातल्या कशातच बसेना. समारंभ म्हणावा तर अजून नोकरी लागलेली नाही, आणि शोक म्हणायला बुवा तयार नव्हते. शेवटी सभा ठरली. पण सभा म्हटली की नियमाप्रमाणे फलकावर सूचना लावावी लागते, आणि सूचना लावली की सर्व रहिवाशांना उपस्थित राहण्याची विनंती आपोआप येते, कारण ती ओळ आधीच छापलेली असते. अशा रीतीने बुवांच्या खासगी सरावाला अर्धी इमारत येऊन बसली. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत होत्या.

अध्यक्षांनी टाय लावला होता. "आम्ही पुस्तकी प्रश्न विचारत नाही," ते प्रेक्षकांकडे बघून म्हणाले. "जगण्यातला विचारतो. समजा, एका इमारतीच्या गच्चीवर पाण्याची एक टाकी आहे. इमारतीच्या दोन बाजू, डावी आणि उजवी. एक व्हॉल्व्ह. तो आधी डावीकडे उघडतात, मग उजवीकडे फिरवतात. दोन्ही बाजूंना सारखं पाणी मिळावं अशी व्यवस्था कशी कराल? बोला, आणि विचार ऐकू येऊ द्या."

हा प्रश्न अध्यक्षांनी का निवडला असेल हे उघड आहे. पाण्याची ही व्यवस्था त्यांनीच बसवली होती, रोज सकाळी व्हॉल्व्हही तेच फिरवत, आणि तिचं कौतुक चार लोकांसमोर एका इंजिनियरच्या तोंडून व्हावं एवढीच त्यांची साधी इच्छा होती. बुवांनी नजर घट्ट धरली आणि सुरुवात केली.

"टाकी एकच. पाइप दोन्हीकडे सारखे. माणसंही साधारण सारखीच. म्हणजे पाणी सारखं मिळायला हवं. पण मिळत नाही. उजवीकडे सकाळी नळ कोरडे पडतात, डॉक्टरीणबाईंच्या डोक्याला फेस तसाच राहतो. मग फरक कशात आहे? टाकीत नाही. पाइपात नाही. राहिली फक्त वेळ. डावीकडे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. का राहतो? तो काही आपोआप फिरत नाही, माणूस फिरवतो. माणूस एकच. तो माणूस राहतो डावीकडे." बुवांचा चेहरा उजळला. उत्तर जवळ आलं की तो असाच उजळायचा. "म्हणजे व्यवस्थेत दोष नाही. दोष त्या माणसात आहे."

सभागृहात एवढी शांतता यापूर्वी फक्त शोकासाठी झाली होती. मग डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली आणि उजव्या बाजूने ती उचलून धरली.

अध्यक्षांनी टाय सैल केला, कागद गोळा केले आणि "सभा संपली" एवढं म्हणून ते लिफ्टकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बुवांशी बोलणं टाकलं. उजव्या बाजूचे लोक बुवांना वाटेत थांबवून पाठीवर थाप मारू लागले, त्याचा बुवांना जास्तच त्रास झाला. डावीकडचे लोक, म्हणजे बुवांचेच शेजारी, आता आपलं पाणी कमी होणार म्हणून फुगले.

"स्वतःच्याच नळाचं पाणी तोडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला," बायको म्हणाली. "पण अध्यक्षांचा चेहरा बघितलात का हो? फार लागलंय त्यांना."

बुवांनी बघितला होता. माफी मागायला ते वरच्या मजल्यापर्यंत गेले, बेलवर बोट ठेवलं आणि आपण आता काय काय बोलून बसू या भीतीने खाली आले.

अशातच दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या आणि शेवटची ठरली. मुलीने सांगितलं की ही निघाली तर नोकरी. नाही निघाली तर काय, ते तिने सांगितलं नाही आणि बुवांनी विचारलं नाही. हातात दुसरा एकही अर्ज उरला नव्हता. त्या सकाळी बायकोने बैठकीची दारं लावली, मुलीने कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं दिसेल असा पडदा नीट बसवला आणि हेडफोनची वायर लॅपटॉपमध्ये खोचली.

पडद्यावर एक मॅडम होत्या. वयाने बुवांपेक्षा बऱ्याच लहान, पण बसण्यात घाई नव्हती. त्यांनी प्रश्न घातला. एक मोठं काम अनेक संगणकांना वाटून दिलंय. प्रत्येकाला अगदी सारखा वाटा. तरी रोज एकाच संगणकापाशी कामं तुंबतात आणि बाकीचे त्याची वाट बघत बसतात. असं का होत असेल आणि तुम्ही काय कराल?

बुवा बोलू लागले. छान बोलत होते. वाटणी तपासली, जाण्यायेण्याचे रस्ते तपासले, काम दोनदा मोजलं जातंय का तेही बघितलं. सगळं बरोबर निघत होतं आणि कामं तरीही तुंबत होती. "अडलोय, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "सगळं सारखं आहे, तर सगळं एकदम संपायला हवं. कुठे चुकतंय ते दिसत नाहीये."

आणि नेमकं त्याच वेळी डोक्यावर ड्रिल सुरू झालं. भिंत हादरली, पंखा हादरला, मॅडमनी कानातलं यंत्र काढून पुन्हा घातलं. अध्यक्षांना आजची तारीख ठाऊक होती. सगळ्या इमारतीलाच ठाऊक होती.

"दोनच मिनिटं," म्हणून बुवा तडक उठले. हेडफोन डोक्याला, वायर लॅपटॉपला, त्यामुळे लॅपटॉपही टेबलावरून उठला. पडायच्या आत त्यांनी तो काखेत मारला आणि तसेच निघाले. बायको "अहो, ते चालू आहे," म्हणत मागे धावली, मुलगी तिच्या मागे. मॅडमना पुढचा काही काळ जिन्याच्या पायऱ्या दिसल्या.

अध्यक्षांनी दार उघडलं. "काम आजच होणार," ते आधीच म्हणाले. "प्लंबर रोज मिळत नाही."

बुवा भांडायलाच आले होते. पण त्यांची नजर अध्यक्षांच्या खांद्यावरून आत गेली. न्हाणीघराच्या भिंतीत प्लंबर एक जाड स्टीलचा दांडा बसवत होता, धरून उठायला लागतो तसा. दुसरा दांडा दारापाशी होता. अध्यक्षांनी एका हाताने चौकट धरली होती आणि एक पाय किंचित उचललेला होता.

"दांडा," बुवा म्हणाले. तोंड आता त्यांच्या ताब्यात उरलं नव्हतं. "धरून उठायला दांडा. म्हणजे गुडघे. गुडघे दुखतायत आणि तरी रोज गच्चीचा जिना, लिफ्ट तिथवर जात नाही. एकेक पायरी थांबत थांबत. डावीकडे उघडून खाली आलं की फिरवायला पुन्हा वर पोचायला वेळ लागणारच. तोवर व्हॉल्व्ह डावीकडे उघडाच राहणार. म्हणजे पक्षपात नाही. माणसात दोष नाही. मी गृहीत धरलं की वर चढायला सगळ्यांना सारखाच वेळ लागतो. ते चूक होतं. चुकलो मी. चारचौघांत चुकलो." इथे बुवा मागे बायकोकडे वळले. "आणि यांनी एका शब्दाने सांगितलं नाही."

"काय सांगायचं?" अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले. "अध्यक्षाचे गुडघे गेले म्हटलं की लोक दुसऱ्या दिवशी नवा अध्यक्ष निवडतात. मला मग दिवसभर काय काम राहिलं?"

जिन्यात एव्हाना गर्दी जमली होती. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "व्हॉल्व्ह उद्यापासून मी फिरवते. मला पहाटे उठावंच लागतं. तुम्ही कधी फिरवायचा ते फक्त खालून सांगा. अध्यक्ष तुम्हीच."

अध्यक्षांनी मान डोलावली. आणि बुवा एकदम जागच्या जागी उभे राहिले.

"मॅडम," ते काखेकडे बघत म्हणाले. मग हेडफोनची वायर उपटून लॅपटॉप नीट समोर धरला. "तुमच्याही प्रश्नात मी हेच केलं. सगळे संगणक सारख्याच वेगाचे आहेत असं धरून चाललो. तुम्ही तसं कुठेच म्हणाला नव्हतात. त्यातला एक जुना असेल, दमलेला असेल. त्याला बाकीच्यांएवढाच वाटा दिला तर तो मागे पडणारच. त्याला काढून टाकायचं नाही. त्याला झेपेल तेवढंच काम द्यायचं आणि बाकीचं ज्याचे हात रिकामे होतील त्याने उचलायचं."

मॅडम लिहून घेत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "तुमच्या मागे कोण आहेत?"

झालं. हा प्रश्न अध्यक्षांना उद्देशून नव्हता, पण मुलाखत म्हटल्यावर त्यांच्याने राहवेना. त्यांनी बुवांच्या हातून लॅपटॉप घेतला, पडद्यात नजर घट्ट धरली आणि सदऱ्याची कॉलर सारखी केली. "मी यांचा शेजारी. अख्खी हयात माणसं नेमण्यात गेली माझी. माणूस मनात काय ठेवतो आणि तोंडाने काय बोलतो, त्यातलं अंतर ओळखणं हाच माझा धंदा होता. या गृहस्थांत ते अंतर मला सापडलं नाही. चुकले तर चुकलो म्हणतात, तेही सगळ्यांदेखत. मला त्याचा फार त्रास झालाय, मॅडम. तुम्हाला उपयोग होईल." आणि जरा थांबून, "उमेदवाराला मधे पाणी विचारत चला. घसा कोरडा पडतो."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बुवा पुन्हा खिडकीशी बसू लागले, पण आता खिडकीशीही बोलत, त्यामुळे चिंता सगळ्या घराला ऐकू यायची. जिन्यात लॅपटॉप घेऊन पळालेल्या माणसाला कोण नोकरी देईल, काखेतून दिलेलं उत्तर धरतात का, यावर त्यांनी सर्व बाजूंनी विचार केला. बायको ऐकून घेत असे. अध्यक्ष रोज संध्याकाळी दार ठोठावून विचारत, "काही कळलं?" आणि कळलं नाही म्हटल्यावर बसून चहा घेत.

फोन आला तेव्हा बुवा कांदा चिरत होते. बायकोने तो स्पीकरवर टाकला. त्याच मॅडम होत्या. निवड झाली होती. कामाचं स्वरूप, रुजू व्हायची तारीख, सगळं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, "मंजूर आहे ना तुम्हाला?"

बुवांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. ते ओट्याला टेकले, पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"ऐकताय ना?" मॅडम म्हणाल्या. "घाई नाही. हवं तर बोलत बोलत विचार करा."

बुवा नुसते बायकोकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कांदा तर केव्हाच बाजूला पडला होता. बायकोने त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली, हात आपल्या हातात धरला आणि फोनजवळ वाकून म्हणाली, "मंजूर आहे, मॅडम. त्यांना आत्ता बोलता येत नाहीये, एवढंच."